मागचा आरसा

मामांच्या सलूनमध्ये केस कापून झाले म्हणजे काम संपलं, असं कधी नव्हतं. कात्री खाली ठेवली, मानेवर ब्रश फिरवला, कापड झटकलं, की मामा खिळ्याला अडकवलेला गोल आरसा काढत, उजव्या हाताने तो गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे धरत आणि विचारत, "मागचं बघून घ्या. बरोबर आहे ना?" गिऱ्हाईक समोरच्या मोठ्या आरशात बघे, आपली मान त्याला आपल्याच डोळ्यांनी दिसे आणि ते 'हं' म्हणे. त्या मानेत नेमकं काय बघायचं हे शंभरातल्या नव्वद जणांना कळत नसे, पण न बघता उठलेला माणूस मामांनी पस्तीस वर्षांत पाहिला नव्हता. आजूबाजूच्या सलूनमध्ये मशीन आलं, गाणी आली, पाठ दाबून देणाऱ्या खुर्च्या आल्या. मागचा आरसा दाखवायला मात्र तिथे कोणाला सवड नव्हती. मामांचा सगळा तोरा त्या आरशात होता.

तर एका सकाळी त्यांनी नेहमीसारखा आरसा उचलला आणि हात खांद्याच्या उंचीला यायच्या आतच अडला. फुगलेलं दार अर्धं उघडून अडतं, तसा. खुर्चीत कोपऱ्यावरचे औषधवाले बसले होते. ते समोर बघत शांतपणे म्हणाले, "मामा, मला पंखा दिसतोय."

"बरं झालं, तोही पुसायचाच आहे," मामा म्हणाले खरे, पण त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले होते. दुसऱ्या खुर्चीवरून मेहुणा उठून आला, त्याने त्यांच्या हातातून आरसा घेतला आणि औषधवाल्यांना त्यांची मान दाखवली.

मेहुणा म्हणजे मामींचा धाकटा भाऊ. वीस वर्षं दुसऱ्या खुर्चीवर. सगळं गाव त्याला मेहुणेच म्हणे. कात्री धरणाऱ्या माणसाच्या तोंडाचा पट्टा चालू असतो ही सगळ्यांची समजूत त्याने एकट्याने खोटी पाडली होती. दिवसभरात दहा शब्द बोलला तर त्या दिवशी त्याला बरं नाही असं समजावं. पण ते दहा शब्द नेमके असत, आणि हातही नेमका होता. त्या दिवसापासून मामांच्या गिऱ्हाइकांनाही मागचा आरसा मेहुणाच दाखवू लागला. मामा तेवढा वेळ उगाच फवाऱ्याच्या बाटलीत पाणी भरत.

दुखणं वाढत गेलं. शर्टाच्या बाहीत हात घालायला मामी लागू लागल्या. पस्तीस वर्षं पँटच्या मागच्या खिशात राहिलेला कंगवा पुढच्या खिशात आला, कारण हात मागे पोचेना. उजव्या कुशीवर झोपणं बंद झालं. आणि गिऱ्हाइकांचं तर विचारूच नका. खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाकडे औषध होतं. एकाने तेल सांगितलं, दुसऱ्याने ते तेल अजिबात लावू नका म्हणून सांगितलं. गॅरेजवाला म्हणाला, वंगण कमी पडलंय. टपालखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, हात गळ्यात बांधून महिनाभर हलवूच नका. मामांना हा शेवटचा सल्ला सगळ्यांत पटला, कारण तो सगळ्यांत सोपा होता.

शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, रक्त तपासलं आणि सांगितलं, "हाडं उत्तम आहेत, साखरही नाही. खांदा गोठलाय."

"मग वितळवा की."

"ते माझ्या गोळ्यांनी व्हायचं नाही. फिजिओथेरपी करायची." आणि त्यांनी चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी मामांनी ब्लेडच्या पाकिटांखाली ड्रॉवरमध्ये ठेवली आणि तिथे ती दोन महिने अगदी सुखात राहिली.

कारण मामांना तोवर एक शक्कल सुचली होती. हात डोक्यापर्यंत जात नाही ना? मग डोकं हातापर्यंत आणू! खुर्चीचा पंप पार खाली सोडला. सुतार मित्राकडून वीतभर उंचीचा एक लाकडी पाट खुर्चीभोवती करून घेतला आणि त्यावर ते उभे राहू लागले. तरी कमी पडे, म्हणून गिऱ्हाइकाला म्हणत, "जरा खाली सरका. अजून जरा. पाय लांब करा, आपलंच घर आहे." गिऱ्हाईक घसरत घसरत जवळजवळ आडवं होई, मामांचं कोपर बरगडीला चिकटलेलं राही आणि नुसतं मनगट चाले. केस मात्र फर्मास कापले जात. मामा स्वतःवर बेहद्द खूश होते.

एका रविवारी मामींना ब्लेडखालची चिठ्ठी सापडली आणि सलूनमध्येच, दोन गिऱ्हाइकांसमोर, वाजलं.

"दोन महिने? अहो, दोन महिने तुम्ही ही दडवून ठेवलीत?"

"दडवली कुठे? ठेवली होती."

"रोज सकाळी तुमच्या बाह्या मी ओढते. मला कळू नये?"

मामांचं डोकं फिरलं. रागात माणूस काहीही बोलतो, तसं ते बोलून गेले, "साठी पुरी होईपर्यंत बघतो! साठाव्या वाढदिवसाला हा हात आरसा घेऊन वर गेला नाही, तर पहिली खुर्ची तुझ्या भावाची. मी दाराशी बसून टॉवेलच्या घड्या घालीन. मग तर झालं?"

दोन गिऱ्हाइकांनी ऐकलं म्हणजे संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीने ऐकलं. आता मागे फिरायची सोय नव्हती. साठीला पाच महिने उरले होते.

* * *

फिजिओथेरपीचं केंद्र टायरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होतं. पडदे लावलेले तीन पलंग, छताला टांगलेल्या कप्प्या आणि दोऱ्या, भिंतीवर एक लाकडी चाक आणि त्याच्याशेजारी बोटांनी चढायची दातेरी पट्टी. कोपऱ्यात प्लास्टिकचा सांगाडा उभा होता, आणि त्याला नेमका उजवा हात नव्हता. मामांनी डाव्या हाताने त्याच्याकडे बोट दाखवलं.

"हा इथलाच पेशंट का?" त्यांनी विचारलं.

"तो हात दुरुस्तीला गेलाय," आतून आवाज आला. "बसा आजोबा."

आजोबा! मामांनी मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी नव्हतं. समोर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची एक मुलगी उभी होती, उंचीने मामांच्या खांद्याला लागेल न लागेल अशी. तिची वेणी मामांनी आधी पाहिली, धंद्याची सवय. टोकं फाटलेली होती.

"मला सगळे मामा म्हणतात," ते जरा घुश्शातच म्हणाले.

"मग मीही मामा म्हणते. मला ताई म्हणा, चालेल."

या फिजिओताईंनी कोनमापकासारखी एक पट्टी खांद्याला लावली आणि हात पुढून वर घ्यायला सांगितला. ऐंशी अंश. बाजूने तर साठच. मग त्या म्हणाल्या, "खांद्याच्या सांध्याभोवती एक पिशवी असते मामा. ती आकसलीय. गरम पाण्यात धुतलेला लोकरी स्वेटर आकसतो ना, तशी. दुखतं म्हणून तुम्ही हलवत नाही आणि हलवत नाही म्हणून ती आणखी आकसते. आपण तिला रोज थोडं थोडं ओढून पुन्हा सैल करायचं. जादू नाही, वेळ लागतो. पण होतं."

"पाच महिन्यांत होईल?"

"तुम्ही खरं बोललात तर होईल."

हे मामांना कळलं नाही. पुढच्या दहा मिनिटांत कळलं. हात ताणताना ताई मध्येच विचारायच्या, "दुखणं दहापैकी किती?" आणि मामा म्हणायचे, "चार." कितीही दाबा, चार. कात्री चालवणाऱ्याने गिऱ्हाइकाला कधी 'मला त्रास होतोय' म्हणायचं नसतं, ते अंगातच भिनलेलं. शिवाय समोरच्याला काय ऐकायला आवडेल ते बोलणं हा तर त्यांचा अर्धा धंदा.

"चार?" ताई म्हणाल्या. "मग पायाचा अंगठा का वळलाय?"

मामांनी खाली पाहिलं. उजव्या पायाचा अंगठा पार आत वळला होता.

"तोंड काहीही सांगेल मामा. मी अंगठ्याला विचारते. हा असा वळला की सात. थोडं दुखलं तर चालेल, पण थांबल्यावर अर्ध्या तासात उतरलं पाहिजे. नाही उतरलं, तर मला खरं सांगायचं. नाहीतर मी चुकीचं दाबीन आणि तुमचंच नुकसान होईल."

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मामांना आणखी एक धडा दिला. हात धरून त्या एकदम म्हणाल्या, "मामा, कुरळ्या केसांना कात्री आडवी लावायची की उभी?" विषय जिव्हाळ्याचा! मामा सुरू झाले, "अहो, कुरळ्याला कधीही ओलं कापू नये, कारण वाळल्यावर ते—" आणि तेवढ्यात हात चार बोटं वर गेला होता. कळ आली तोवर काम झालं होतं. वस्तरा मानेवर टेकवताना समोरच्याला प्रश्न विचारायचा, म्हणजे तो हलत नाही, ही युक्ती त्यांची होती! पस्तीस वर्षं त्यांनी ती लोकांवर वापरली होती, आणि आज या हातभर मुलीने त्यांच्यावरच वापरली. घरी जाऊन त्यांनी मामींना सांगितलं, "पोरगी कारागीर आहे." त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती कोणाची झाली नव्हती.

शेकाची पिशवी, दोऱ्या, चाक, भिंतीवरची पट्टी. घरी सकाळ-संध्याकाळ काठी धरून हात वर न्यायचा, टॉवेल पाठीमागे धरून ओढायचा. मामी पहारेकऱ्यासारख्या उभ्या राहत. सहा आठवड्यांत पलंगावर पडल्या पडल्या हात एकशेदहापर्यंत जाऊ लागला. पण उभं राहून, स्वतःच्या बळावर, नव्वदच्या पुढे काही केल्या सरकेना. एक आठवडा गेला, दोन गेले, तिसराही गेला. ताई पट्टी लावायच्या, वहीत बघायच्या आणि भुवया जवळ आणायच्या.

"घरी सगळं करताय?"

"मामींना विचारा."

"विचारलं. करताय म्हणाल्या. मग हा अडतो कुठे?"

मामांना तेही कळेना. साठीला आता अडीच महिने होते, आणि सलूनमध्ये गिऱ्हाइकं बोलता बोलता टॉवेलच्या ढिगाकडे बघू लागली होती.

* * *

मग ती दुपार आली. मामा मधल्या पलंगावर खांद्याला शेक घेत पडले होते. पलीकडच्या पडद्याआड कोणीतरी येऊन बसलं, आणि पलंगाच्या करकरण्यावरूनच मामांनी ओळखलं की माणूस लांबलचक आहे. आवाज ऐकला आणि खात्री पटली. शाळेतले खेळाचे सर! साडेसहा फूट उंची, एके काळचे व्हॉलीबॉलचे खेळाडू. पंचवीस वर्षं दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मामांच्या खुर्चीत बसणारा माणूस. मामा हाक मारणारच होते.

"मान कधीपासून धरते?" ताईंनी सरांना विचारलं.

"दर महिन्याला. केस कापून आलो की." सर जरा घुटमळले. "ते काय होतं, तिथे खुर्चीत फार खाली घसरून बसावं लागतं. माझी उंची ही अशी. अर्धा तास हनुवटी छातीवर टेकवून बसतो. मागच्या वेळी चार दिवस मान वळली नाही."

"मग सांगायचं ना त्यांना, की मला सरळ बसू द्या."

"कसं सांगू हो? त्यांचा खांदा गेलाय. हात वर होत नाही. त्यांना वाटतं, आमच्या लक्षात येत नाही. आम्ही सगळे सरकतो खाली. औषधवाले सरकतात, गॅरेजवाला सरकतो. त्या माणसाची कात्री बंद पडली तर... नाही, ते बघवणार नाही. तुम्हीही कुठे बोलू नका. चार दिवसांची मान, चालायचंच."

मामा छताकडे बघत पडून राहिले. शेकाची पिशवी थंड झाली तरी त्यांना कळलं नाही. त्यांना वाटलं होतं आपण जगाला गुंडाळलं, आणि जग त्यांच्यासाठी निमूटपणे मान मोडून घेत होतं. शरमेने त्यांचे कान तापले. त्या शरमेच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि ते बहुतेक प्रेम होतं, कारण त्यांचे डोळे भरून आले आणि ते पुसायला उजवा हात उचलावा लागेल म्हणून त्यांनी डावा उचलला.

सर गेल्यावर ताई पडदा सारून आत आल्या. "दहापैकी किती?"

"नऊ," मामा म्हणाले.

ताईंनी चमकून अंगठ्याकडे पाहिलं. तो सरळ होता.

"खांदा नव्हे हो ताई," मामा उठून बसले. "सर घसरून बसतात ना, ती खुर्ची माझी. मीच ते." आणि मग त्यांनी पाट, पंप, बरगडीला चिकटलेलं कोपर, सगळं सांगून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याला काय आवडेल याचा विचार न करता ते बोलत होते.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. "हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"खरंय," ताई म्हणाल्या. "मी विचारायला हवं होतं. दुपारी किती वाजता सलून रिकामं असतं?"

दुसऱ्या दिवशी दीड वाजता त्या सलूनमध्ये हजर. आधी खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मला घसरवा, जसं सगळ्यांना घसरवता." त्या इतक्या लहानखुऱ्या, की दोनदा सरकल्यावर कापडाखाली दिसेनाशाच झाल्या आणि मेहुण्याने तोंड फिरवून हसू दाबलं. मग त्या पाटावर चढल्या, आरशात बघितलं, हातात कात्री धरल्यासारखं करून चारी बाजूंनी फिरल्या आणि खाली उतरल्या.

"मामा, दिवसाला किती डोकी?"

"दोघांत मिळून चाळीस. माझी वीस तरी."

"तुमचा हात माझ्याकडे वर जातो आणि घरी दोनदा वर जातो. एकूण दीड तास. उरलेले आठ तास तुम्ही त्याला शिकवताय की बाबा, वर जायची काही गरज नाही, डोकी आपोआप खाली येतात. मग तो कशाला जाईल? माझा दीड तास तुमच्या आठ तासांपुढे हरतोय." त्यांनी पाटावर पायाने टकटक केली. "हा जाऊ दे. एकदम नाही. आधी पाट काढायचा. खुर्ची तशीच खाली. मग दर आठवड्याला पंपाचा एक दाब. कंगवा, कात्री, बाटली, सगळं आज कमरेशी आहे, ते भिंतीवर न्यायचं आणि तेही चढवत जायचं. वीस डोकी म्हणजे वीस वेळा व्यायाम. दोन डोक्यांच्या मध्ये पुढे वाकायचं आणि हात लोंबता सोडून हलकेच झुलवायचा. तुमचं सलून हेच तुमचं केंद्र. तुमच्याइतका व्यायाम कोणालाच मिळत नसेल, आणि तुम्ही तो चुकवत होता."

"गिऱ्हाइकांसमोर हात झुलवू?"

"गिऱ्हाइकं तुमच्यासाठी जमिनीला टेकलीत मामा. झुलवा."

त्या संध्याकाळी मेहुण्याने कोणाला न विचारता पाट उचलला, मागच्या मोरीत नेला आणि करवत चालवली. सकाळी मामा आले तेव्हा आरशाच्या बाजूला, एकावर एक, तीन नव्या फळ्या ठोकलेल्या होत्या. सगळ्यांत खालच्या फळीवर कंगवा आणि कात्री मांडलेली. मामांनी लाकडावरून हात फिरवला. ओळखीचं लाकूड होतं.

"हे तू केलंस?"

मेहुण्याने मान हलवली आणि गिऱ्हाइकाला कापड गुंडाळायला घेतलं.

आणि मग गंमत सुरू झाली. बाकावर वाट बघणारी माणसं मामांचे झोके मोजू लागली. "पंचवीस झाले मामा, पाच राहिले!" औषधवाले वर्तमानपत्रातून डोकं न काढता सांगत. पहिल्या आठवड्यात खुर्ची एक दाब वर गेली, दुसऱ्यात दुसरा. कात्री मधल्या फळीवर चढली. ताईंच्या वहीत नव्वदच्या जागी शंभर आले, मग एकशेपाच. मामांना हाव सुटली. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी एकदम तीन दाब मारले, वर सगळ्यांत वरच्या फळीवर कात्री ठेवली, आणि दिवसभर छाती काढून काम केलं.

दुसऱ्या दिवशी हात शर्टाच्या बाहीत जाईना. पहिल्या दिवसांसारखी कळ. मामा सलूनमध्ये येऊन खुर्चीत बसले, स्वतः, गिऱ्हाइकासारखे. "बस झालं," ते म्हणाले. "साठीला सहा आठवडे. हा हात आता माझा राहिला नाही. पाट कुठेय? पाट आण."

मेहुण्याने भिंतीवरच्या तीन फळ्यांकडे बोट दाखवलं.

मामा त्यांच्याकडे बघत राहिले. पाट नव्हता. परत जायला काहीही उरलं नव्हतं. त्यांना मेहुण्याचा भयंकर राग आला आणि तो राग गिळून ते टायरच्या दुकानावरचा जिना चढले.

"दहापैकी?"

"आठ. आणि माझी चूक आहे. तीन दाब मारले."

ताई हसल्या. खरं ऐकल्यावर माणूस हसतो तशा. "सांगितलंत म्हणून वाचलात. काही फाटलेलं नाही, नुसतं चिडलंय. चार दिवस थंड शेक, हलका झोका, खुर्ची दोन दाब खाली. मग पुन्हा एकेक. दुखलं म्हणजे सगळं संपलं असं नसतं मामा. किती करायचं त्याचा अंदाज चुकला, एवढंच."

चार दिवसांनी कळ उतरली. मामांनी कानाला खडा लावला. आठवड्याला एक दाब, वर एक टिचकीसुद्धा नाही. हात एकशेवीसवर आला. एका सकाळी मामी बाही ओढायला आल्या तर शर्ट आधीच अंगात होता आणि मामा वरचं बटण लावत उभे होते. मामी दारातच थांबल्या. "मग आता मी काय करू?" त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसत चहा ठेवायला गेल्या. पाठ खाजवायला हात अजूनही पोचत नव्हता, पण तेवढं काम मामींनी आनंदाने आपल्याकडे ठेवलं.

* * *

साठाव्या वाढदिवसाच्या दिवशी सलूनच्या बाकावर जागा नव्हती. कोणी कबूल करेना, पण एकाचेही केस वाढलेले नव्हते. औषधवाले दुकान सोडून आले होते. गॅरेजवाला 'पंपाला तेल घालायला' आला होता. मामी डबा घेऊन आल्या, तोही सकाळी साडेदहाला. दीडला ताई आल्या आणि कोपऱ्यात उभ्या राहिल्या. बरोबर त्याच वेळी दारातून वाकून खेळाचे सर आत आले.

ते खुर्चीत बसले आणि सवयीने घसरू लागले.

"सर," मामा म्हणाले, "सरळ बसा."

"असू द्या मामा, मला सवय—"

"मला माहितीय तुमची सवय. मान तुमची आहे, ती मी मोडायची नाही. सरळ बसा, मैदानावर पोरांना बसवता तसे."

सर आरशातून त्यांच्याकडे बघत राहिले. मग हळूच ताठ झाले, आणि झाले ते होतच गेले, डोकं पार आरशाच्या वरच्या कडेपर्यंत. इतकं उंच डोकं त्या खुर्चीत वर्षभर कोणी पाहिलं नव्हतं. मामांनी वरच्या फळीवरची कात्री घेतली आणि सुरुवात केली. कोपर बरगडी सोडून वर आलं. कानामागून टाळूकडे, टाळूवरून पुढे. घाई नाही. मध्ये एकदा थांबून हात लोंबता सोडला, आणि बाकावरून औषधवाल्यांनी तोंडातल्या तोंडात दहा मोजले. बाकी सगळीकडे नुसता कात्रीचा आवाज. गॅरेजवाला पंपाला तेल घालायचं विसरला.

ब्रश फिरला. कापड झटकलं. मेहुण्याने वर्षभराच्या सवयीने खिळ्यावरचा गोल आरसा काढला आणि सरांच्या मागे येऊन उभा राहिला. मग त्याने तो मामांच्या पुढे धरला.

"घ्या दाजी," तो म्हणाला. "खुर्ची तुमची."

त्या दिवशीचे त्याचे तेवढेच शब्द होते. मामांनी आरसा उजव्या हातात घेतला. हात कमरेवरून छातीशी आला, छातीवरून खांद्याला, ती जुनी अडलेल्या दाराची जागा आली, आणि हात ती ओलांडून वर गेला. सरांच्या डोक्यामागे, साडेसहा फुटी माणसाच्या मानेमागे, आरसा थांबला. कोपऱ्यातून ताईंनी मामांच्या पायाकडे पाहिलं. चपलेतला अंगठा सरळ होता.

"मागचं बघून घ्या," मामा म्हणाले. "बरोबर आहे ना?"

"एकदम बरोबर," सर म्हणाले. ते थोडा वेळ थांबले, पण आरसा खाली येईना. मामी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या, बाकावरची माणसं टाळ्या वाजवत होती, आणि मामा समोरच्या मोठ्या आरशात बघत होते. तिथे सरांची मान नव्हती बघायची त्यांना. तिथे पांढऱ्या बाहीतला एक हात होता, सरळ वर गेलेला.

"मामा," सर हळूच म्हणाले, "माझं बघून झालं."

"थांबा हो सर," मामा म्हणाले. "माझं व्हायचंय अजून."